धूळ सगळी सारखी नसते : गारगोटी ओळखणारा न दिसणारा उजेड

धाराशिव : उन्हाळा लागला की आपल्याकडं विहिरींची कामं निघतात. काळी माती संपते, मुरूम लागतो, मग मांजऱ्या नाहीतर काळा पाषाण. सुरुंग उडाला की बाहेर आलेल्या दगडांत हमखास काहीतरी चमकतं. पांढरे, पाणीदार, टोकदार खडे. पोरं ते खिशात भरून घरी आणतात आणि टीव्हीपुढं मांडून ठेवतात. एक म्हणतो हिरा असंल, दुसरा म्हणतो काच. मोबाइलवर फोटो फिरतो आणि दोन दिवसांत 'याची किंमत लाखात आहे' असं सांगणाराही कुणीतरी भेटतो.

तो हिरा नसतो. बहुतेक वेळा ती गारगोटी असते, म्हणजे शास्त्राच्या भाषेत क्वार्ट्झ. नाहीतर तिच्यासारखाच दिसणारा दुसरा एखादा खडा. बाजारात अशा साध्या खड्याला फार मोल नाही. तरीही गारगोटी ओळखता येणं फार गरजेचं आहे आणि त्याचं कारण पैशाचं नाही, छातीचं आहे. हीच गारगोटी पिठासारखी बारीक होऊन फुप्फुसात गेली की माणूस कायमचा अधू होतो. आपल्या तालुक्यांतून पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांतले काही जण फरशी कापायच्या, ग्रॅनाइटचे ओटे बसवायच्या, फाउंड्रीच्या कामाला लागतात. त्यांच्या नाकातोंडात जाणाऱ्या धुळीत गारगोटी किती, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. ते सांगणारी एक तपासणी आहे, इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे.

आधी आपला दगड समजून घेऊ

धाराशिव जिल्हा उभा आहे तो लाव्ह्याच्या थरांवर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, एकावर एक थर साचले आणि त्यांचा काळा बेसॉल्ट झाला. बालाघाटचे डोंगर, नळदुर्गचा किल्ला, धाराशिवची लेणी, सगळं याच दगडातलं.

या काळ्या दगडात मूळची गारगोटी जवळपास नसते. त्यात फेल्डस्पार, पायरोक्सीन आणि लोहाची खनिजं असतात. मग विहिरीतून चमकणारे खडे कुठून येतात? लाव्हा थंड होताना त्यातली वाफ आणि वायू अडकून राहिले. भाकरीला फोड यावा तशा दगडात पोकळ्या राहिल्या. नंतर त्या पोकळ्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी झिरपत राहिलं आणि कुठं गारगोटी, कुठं अकीक, कुठं कॅल्साइट, तर कुठं झिओलाइट साचत गेलं. मांजऱ्या खडकात पांढरे ठिपके दिसतात ते हेच.

आपल्या पायाखाली गारगोटीचा दुसरा साठाही आहे, पण खूप खोल. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारी परिसरात खोल बोअर घेतले. त्यातला एक ६१७ मीटर खोल गेला. सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट संपल्यावर खाली पातळ गाळाचा थर लागला आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या कुळातला जुना खडक. ग्रॅनाइट म्हटलं की त्यात गारगोटी आलीच, साधारण पाव ते तिसरा हिस्सा.

थोडक्यात, आपला गावाकडचा काळा दगड आणि शहरातल्या ओट्याचा ग्रॅनाइट हे दोन वेगळे दगड आहेत. दोन्ही कापले की पांढुरकी धूळच उडते. फरक दिसत नाही. तो फरक दाखवायला दुसरा उजेड लागतो.

झोक्यासारखी गोष्ट

चुलीजवळ हात धरला की धग लागते. विस्तव विझत आला, लाल रंग गेला, तरी धग लागतच राहते. ती धग म्हणजे बऱ्याच अंशी इन्फ्रारेड किरण. डोळ्यांना न दिसणारा उजेडच तो. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगात थर्मामीटर धरला. लाल रंगाच्या पलीकडं, जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथंही पारा चढला. तिथून या किरणांची ओळख झाली.

घरी खात्री करायची असेल तर टीव्हीचा रिमोट घ्या. बटण दाबून त्याचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढं धरा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या पडद्यावर जांभळट उजेड लुकलुकतो. तोही इन्फ्रारेडच. दगड तपासायला मात्र रिमोटच्या उजेडापेक्षा साधारण दहापट लांब लहरींचा उजेड लागतो.

आता नागपंचमीचा झोका आठवा. झोक्याला कसाही धक्का मारून तो चढत नाही. त्याच्या लयीत धक्का मारला तरच चढतो. लांब दोराच्या झोक्याची लय वेगळी, आखूड दोराची वेगळी.

दगडातले अणूही असेच झुलत असतात. गारगोटीत सिलिकॉनचा एक अणू आणि त्याच्याभोवती ऑक्सिजनचे चार, अशी घट्ट वीण असते. हे अणू एकमेकांना स्प्रिंगने जोडल्यासारखे ताणतात, आखडतात, वाकतात. गारगोटीतलं हे ताणणं-आखडणं सेकंदाला सुमारे ३० लाख कोटी वेळा होतं. त्याच लयीचा इन्फ्रारेड किरण आला की अणू तो पिऊन घेतात आणि जास्त जोरानं झुलतात. लय जुळली नाही तर किरण तसाच पुढं जातो.

प्रत्येक खनिजाची वीण वेगळी, त्यामुळं लय वेगळी. कोणते किरण पिऊन घेतले आणि कोणते सोडून दिले याचा आलेख काढला की खनिजाचा जणू अंगठ्याचा ठसा मिळतो. अमेरिकेतल्या विल्यम कोब्लेंट्झ यांनी १९०५ च्या सुमारास खनिजांसह शेकडो पदार्थांचे असे आलेख काढले. तेव्हा एकेका आलेखाला फार वेळ लागायचा. आजचं यंत्र ते काम मिनिटभरात करतं.

यंत्रात काय होतं?

जुनी, खात्रीची पद्धत अशी. दगड खलात अगदी मैद्यासारखा वाटायचा. त्यातली १-२ मिलिग्रॅम पूड घ्यायची. पोटॅशियम ब्रोमाइड नावाचं मिठासारखं पांढरं क्षार असतं. हे क्षार इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतं. ते सुमारे २०० मिलिग्रॅम घेऊन त्यात दगडाची पूड मिसळायची आणि मोठ्या दाबाखाली एक पातळ, काचेसारखी वडी करायची. वडीतून किरण सोडायचे, पलीकडं किती पोचले ते मोजायचं. नव्या यंत्रांत वडीही करावी लागत नाही. छोट्या हिऱ्याच्या खिडकीवर चिमूटभर पूड दाबून ठेवली तरी चालतं.

आलेखावरचे आकडे म्हणजे एका सेंटीमीटरच्या अंतरात किती लहरी बसतात ती संख्या. गारगोटीचा सगळ्यात मोठा खड्डा १०८० च्या आसपास पडतो. पण तेवढ्यावरून ओळख पटत नाही, कारण सिलिकॉन-ऑक्सिजन असलेल्या कितीतरी दगडांचे खड्डे त्याच भागात पडतात. गारगोटीची खरी खूण आहे जोडखड्डा. ७९८ आणि ७७९ या ठिकाणी दोन खड्डे, बैलजोडीसारखे शेजारी शेजारी. ही जोडी दिसली की समजायचं, गारगोटी आहे.

बाकीच्यांच्या खुणा वेगळ्या. शेतातल्या चुनखडीत कॅल्साइट असतं. त्याचा रुंद खड्डा १४२० च्या आसपास आणि एक धारदार ८७५ जवळ. झिओलाइटच्या अंगात पाणी असतं, त्यामुळं त्याच्या आलेखात पाण्याची खूण ठळक उमटते, एक १६३० च्या आसपास आणि एक ३४०० च्या भागात रुंद पसरलेली. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती तिच्यातल्या स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीच्या खनिजामुळं. तीही या आलेखात सापडते.

दगडातलं पाणी दुरूनही ओळखता येतं. २००८ साली गेलेल्या चांद्रयान-१ वर याच तत्त्वाचं एक उपकरण होतं. चंद्रावरून परत येणाऱ्या उजेडात ३ मायक्रॉनच्या आसपासचे किरण कमी पडत होते. त्यावरून चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा असल्याचं २००९ मध्ये जाहीर झालं. विहिरीतल्या झिओलाइटचं पाणी पकडणारी युक्ती आणि ही युक्ती एकच.

काच आणि गारगोटी : माल एक, वीण वेगळी

हा मुद्दा नीट समजून घ्यायला तेरला जाऊ. तेरणाकाठचं तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वी दूरदेशांशी व्यापार करणारं नगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जुने मणी पाहायला मिळतात. काही दगडाचे, अकीकासारख्या गारगोटीच्या कुळातले. काही काचेचे.

काचेतही मुख्य माल सिलिकाच, गारगोटीतही सिलिकाच. मग फरक काय? गारगोटीत अणू शिस्तीत रांगेनं बसलेले असतात, विटांच्या भिंतीसारखे. काचेत त्याच विटा ढिगासारख्या पडलेल्या असतात. रासायनिक तपासणीत दोन्हीकडं सिलिका सापडेल. इन्फ्रारेडमध्ये मात्र लगेच कळतं. गारगोटीचा जोडखड्डा काचेत दिसत नाही. त्या जागी एकच पसरट, बोथट खड्डा येतो. ६९५ जवळचा गारगोटीचा बारीक खड्डाही काचेत गायब होतो, कारण तो अणूंच्या शिस्तीचा आहे. किरण पृष्ठभागावरून परतवून मोजले तर मण्याला ओरखडाही न काढता हे पाहता येतं.

एकच माल, पण रांगेत बसलेला की ढिगात पडलेला, हा फरक मण्याच्या बाबतीत कुतूहलाचा आहे. धुळीच्या बाबतीत तो जिवाचा होतो. फुप्फुसाला जास्त घातक ठरते ती रांगेतली, म्हणजे स्फटिक रूपातली सिलिका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ साली कामाच्या ठिकाणी श्वासातून जाणाऱ्या अशा सिलिकाला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. ढिगातल्या सिलिकाला त्या गटात टाकलेलं नाही.

धुळीतली गारगोटी कशी मोजतात?

कामगाराच्या कमरेला छोटा पंप आणि कॉलरजवळ एक गाळणी लावतात. दिवसभराच्या कामात तो जी हवा घेतो, तशीच हवा पंपही ओढतो. जाड धूळ आधीच वेगळी पडते. गाळणीवर उरते ती साधारण ४-५ मायक्रॉनच्या आतली. आपला केस अंदाजे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कण किती बारीक ते समजा. जाड धूळ नाकात अडकते, शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडते. ही बारीक धूळ थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते आणि तिथंच बसते.

मग गाळणी जाळून धूळ वेगळी करतात, तिची वर सांगितलेली वडी करतात आणि ८०० जवळचा तो जोडखड्डा किती खोल आहे ते पाहतात. खड्डा जितका खोल, तितकी गारगोटी जास्त. धुळीत दुसरी काही खनिजं असतील तर त्यांची खूणही त्याच जागी मिसळू शकते, म्हणून गरज पडली की क्ष-किरणांच्या पद्धतीनं पडताळा घेतात.

अमेरिकेत २०१६ मध्ये ठरवलेली मर्यादा अशी आहे : आठ तासांच्या पाळीत एका घनमीटर हवेत सरासरी ५० मायक्रोग्रॅम स्फटिक सिलिका, त्यापेक्षा जास्त नको. ५० मायक्रोग्रॅम म्हणजे स्वयंपाकघरातल्या मिठाचा जेमतेम एक दाणा. एका पाळीत कष्टाचं काम करणारा माणूस साधारण दहा घनमीटर हवा घेतो. म्हणजे दिवसाला मिठाचे दहा दाणे, एवढीच मर्यादा. कोरड्या कटरखाली ग्रॅनाइटची पाटी कापताना पांढरा ढग उठतो, तेव्हा काय होत असेल याचा अंदाज करा.

'आम्ही जन्मभर खडी फोडली, काही झालं नाही'

गावाकडं हे वाक्य ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. आपला काळा दगड फोडताना उडणाऱ्या धुळीत गारगोटी कमी असते. बापानं काळा पाषाण फोडला, घडवला. पोरगा पुण्याला जाऊन ग्रॅनाइट कापतो. बापाचा अनुभव पोराला लागू होत नाही, कारण दगड बदलला.

दगडाच्या नावावरही जाऊ नका. बाजारात 'ब्लॅक ग्रॅनाइट' म्हणून विकला जाणारा काळा दगड बऱ्याचदा डोलेराइट असतो, आपल्या बेसॉल्टच्या नात्यातला, त्यात गारगोटी कमी. गुलाबी, राखाडी, पांढऱ्या ठिपक्यांच्या ग्रॅनाइटमध्ये ती भरपूर. आणि हल्ली 'क्वार्ट्झचा ओटा' म्हणून कारखान्यात तयार झालेल्या पाट्या मिळतात. त्यात गारगोटीची पूड राळेत घट्ट बसवलेली असते आणि तिचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वरही जातं. या पाट्या कापणाऱ्या तरुण कामगारांना आजार होऊ लागल्यावर ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्यांवर बंदी घातली. घरात बसवलेला ओटा कुणाला त्रास देत नाही, धोका आहे तो कापताना, घासताना. फाउंड्रीतली साच्याची वाळूसुद्धा बहुतेक ठिकाणी गारगोटीचीच असते.

खडी क्रशरवर मग मास्क नको का? हवाच. काळ्या दगडाच्या पोकळ्यांतही गारगोटी असते, हे वर आलंच आहे. शिवाय कोणतीही बारीक धूळ रोज छातीत भरणं चांगलं नाही. धोका कमी-जास्त असतो, शून्य नसतो.

आजार कसा फसवतो

या आजाराचं नाव सिलिकोसिस. फुप्फुसात रुतलेल्या कणांभोवती गाठी होतात, फुप्फुस चामड्यासारखं कडक होत जातं. सुरुवातीला चालताना दम लागतो, कोरडा खोकला येतो. काम सोडलं तरी आजार वाढत राहू शकतो आणि फुप्फुस पूर्ववत करणारं औषध नाही.

याची आणि टीबीची लक्षणं बरीच सारखी असतात. एक्स-रेवरही गल्लत होऊ शकते. त्यात सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो. त्यामुळं टीबीचा पूर्ण कोर्स करूनही दम जात नाही, अशी अवस्था येऊ शकते. १९४८ च्या कारखाना कायद्यानं कामातून होणाऱ्या ज्या आजारांची नोंद कळवणं बंधनकारक केलं, त्या यादीत सिलिकोसिस आहे. पण डॉक्टरला कामच माहीत नसेल तर त्याला शंका कशी येणार? गावाकडं परत आलेला माणूस दवाखान्यात 'शेती करतो' एवढंच सांगतो. मधली सात वर्षं पुण्यात दगड कापला, हे सांगायचं राहून जातं.

म्हणून एवढं लक्षात ठेवा :

- दगड, फरशी कापताना पाणी सोडून कापा. ओल्या कापणीत धूळ खूप कमी उडते.
- गमछा, रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ किंवा त्याहून चांगला मास्क वापरा.
- कामाचे कपडे झटकू नका. घरी आणून बायका-पोरांच्या कपड्यांत मिसळू नका.
- दम, खोकला असेल तर डॉक्टरला आधी सांगा : कुठं काम केलं, कोणता दगड कापला, किती वर्षं.

विहिरीतला खडा घरी कसा ओळखायचा?

त्यासाठी यंत्र लागत नाही. निरुपयोगी काचेच्या तुकड्यावर खड्याचं टोक दाबून ओढा. काचेवर खरोखरचा ओरखडा उठला तर गारगोटी असण्याची शक्यता मोठी. ओरखडा उठला नाही तर कॅल्साइट किंवा झिओलाइट असू शकतं. त्यावर लिंबू पिळून पाहा, बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट. नखानंच ओरखडा पडला तर जिप्सम. काच हिऱ्यानंही कापते आणि गारगोटीनंही, त्यामुळं 'काच कापली म्हणजे हिरा' असं कुणी सांगितलं तर पैसे काढू नका.

पक्की खात्री हवी असेल तर इन्फ्रारेडचं यंत्र अनेक विद्यापीठांच्या रसायनशास्त्र विभागांत आणि औषधनिर्माण महाविद्यालयांत असतं. मुंबईच्या आयआयटीत शुल्क भरून बाहेरच्यांनाही अशी तपासणी करून मिळण्याची सोय आहे. जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांनी विज्ञान प्रदर्शनासाठी आपापल्या गावचे पाच खडे गोळा करून असे आलेख काढून घेतले तर पोरांना पुस्तकातला धडा आपल्या विहिरीत सापडेल.

या यंत्राच्या मर्यादाही आहेत. सोनं, तांबं, लोखंड असे धातू त्याला ओळखता येत नाहीत. साध्या मिठाचाही ठसा त्यात उमटत नाही. पण गारगोटीची ती जोडी मात्र त्याच्या नजरेतून सहसा सुटत नाही, मग ती तेरच्या मण्यात असो, विहिरीच्या खड्यात असो की कामगाराच्या कॉलरवरच्या गाळणीत.

टीव्हीपुढं मांडलेला खडा तिथं खुशाल राहू द्या, तो शोभेचाच आहे. घरातलं कुणी शहरात दगडाच्या कामावर असेल तर आज रात्री फोन लावा आणि विचारा : पाणी सोडून कापता का, आणि तोंडाला काय बांधता?